थर्मासमधलं स्पेस स्टेशन

स्पेस म्हणजे थंडगार, मग तिथे कूलिंगची गरजच काय, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर तिथली मोठी डोकेदुखी तीच आहे!

मेसमधला गरम चहा आपण फुंकर मारून गार करतो. गाडीचा रेडिएटरही तेच करतो. नाव रेडिएटर, पण बहुतेक उष्णता तो वाऱ्याच्या हवाली करतो. म्हणजे कन्व्हेक्शन! कपॅसिटी वाढवायची तर फिन्स वाढवा, फॅन मोठा लावा. इंटरनॅशनल स्पेस स्टेशनबाहेर मात्र हवाच नाही. स्टेशन म्हणजे थर्मासमधला चहा! आतली माणसं आणि यंत्रं सतत उष्णता सोडतात, आणि ती बाहेर जायला वाट एकच, रेडिएशन.

इथे आपल्या सिलॅबसमधला स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम येतो. केल्विनमधलं तापमान दुप्पट केलं की उत्सर्जन १६ पट. मग तापवा की रेडिएटर! पण तसं जमत नाही. आतलं वातावरण माणसाला सोसेल असं ठेवायचं, तर रेडिएटरमधून परत येणारं लिक्विड गारच हवं. २७५ केल्विनला, एमिसिव्हिटी ०.९ धरून, एक चौरस मीटर जेमतेम २९० वॅट फेकतो. आपली १००० वॅटची इस्त्री घ्या, तिच्या एकटीसाठी साडेतीन चौरस मीटर लागले. स्टेशनच्या मुख्य सिस्टिमची क्षमता आहे ७० किलोवॅट! त्यात ऊन आणि पृथ्वीची उष्णता पॅनेलवर पडते ती वेगळीच. दाट फिन्सही उपयोगाच्या नाहीत, त्या एकमेकींनाच तापवत बसतील. म्हणून घडीचे, पांढरे, सपाट पॅनेल. एकेक रेडिएटर उलगडला की सुमारे २३ मीटर लांब. ते फिरवून उन्हाकडे फक्त कड ठेवतात. मला ही आयडिया सगळ्यात आवडली.

बाहेरच्या पाइपात पाणी गोठेल, म्हणून तिथे अमोनिया, तो उणे ७८ अंशांच्या आसपास गोठतो. पण विषारी, म्हणून आत पाणीच. दोघांमध्ये हीट एक्स्चेंजर.

एवढे मोठे पॅनेल, पण सगळं अडतं पंपावर. ३१ जुलै २०१० ला दोनपैकी एका लूपचा पंप बंद पडला आणि निम्मं कूलिंग गेलं. बरीच उपकरणं बंद करावी लागली. डग व्हीलॉक आणि ट्रेसी काल्डवेल डायसन ७ ऑगस्टला बाहेर पडले, तर अमोनियाच्या पाइपचा एक कनेक्टर काही केल्या सुटेना! ११ तारखेला जुना पंप निघाला. साडेतीनशे किलोचा नवा पंप बसला १६ ला, तिसऱ्या स्पेसवॉकमध्ये.