वाळवंटांतील तदमोर

शलमोन राजानें बांधलेल्या नगरांत रानांतील तदमोर असें एक नांव पवित्र शास्त्रांत आढळतें (२ इतिहास ८:४). वाचक तें वाचून सहज पुढें जातो. ग्रीक व रोमन लोक याच नगरास पाल्मायरा म्हणत. सीरिया देशांत दमास्कसच्या, म्हणजे शास्त्रांतील दिमिष्काच्या, ईशान्येस सुमारें १३० मैलांवर त्याचे भग्नावशेष आहेत. जवळ नदी नाहीं कीं समुद्र नाहीं. मग भर वाळवंटांत हें नगर श्रीमंत झालें तरी कशानें ?

पहिलें कारण पाणी. एफ्का नांवाचा गंधकमिश्रित पाण्याचा झरा येथें वाहत असे. दुसरें कारण मार्ग. फरात नदी व भूमध्य समुद्र यांच्यामध्यें हें ठिकाण असल्यामुळें, उत्तरेकडील लांबचा वळसा टाळूं इच्छिणारे उंटांचे तांडे येथें विसांवा घेत. तिसरें व मुख्य कारण विश्वास. वाळवंटांत लुटारूंचें भय फार. तदमोरचे लोक तांड्यांस उंट, वाटाडे व धनुर्धारी रक्षक पुरवीत आणि माल सुखरूप पोहोंचवीत. त्यांचे कांहीं व्यापारी तर इराणच्या आखातांतून जहाजानें सिंधु नदीच्या मुखाकडील प्रदेशापर्यंत येत. तेथील थडग्यांत चीनचें रेशीमहि सांपडलें आहे.

या विश्वासास नियमाचें बळ होतें. पूर्वीं जकातीचे अनेक दर केवळ रूढीनें ठरत, व त्यावरून व्यापारी आणि जकातदार यांच्यांत वारंवार तंटे होत. म्हणून इ. स. १३७ मध्यें नगरसभेनें सर्व दर शिळेवर कोरविले. तेहि ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत. उंटभर सुगंधी तेल अलाबास्त्र कुप्यांतून आणल्यास २५ दिनार, आणि बकऱ्याच्या कातड्यांतून आणल्यास १३ ! श्रीमंतांच्या मालास अधिक जकात, हें तत्त्व त्या वेळींहि ठाऊक होतें. ही प्रचंड शिळा १८८१ सालीं सांपडली व पुढें रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटेज संग्रहालयांत गेली.

येथील मुख्य राजमार्ग अर्ध्या मैलाहून अधिक लांब असून त्याच्या कडेस स्तंभांची रांग आहे. स्तंभांच्या मध्यावर पुढें आलेले दगडी टेकू दिसतात. त्यांवर पूर्वीं पुतळे उभे असत. हे पुतळे केवळ राजांचे व सेनापतींचे नव्हते. तांडा सुखरूप परत आणणाऱ्या नायकांचेहि पुतळे कृतज्ञ व्यापाऱ्यांनीं नगरांत उभारले, व त्यांखालीं तसे लेख कोरले.

पुढें या नगरास साम्राज्याची हांव सुटली. राणी झेनोबिया हिनें २७० सालीं मिसर देश घेतला. परंतु २७२ सालीं रोमन बादशहा ऑरेलियन यानें तिला कैद केलें. दुसऱ्याच वर्षीं नगरानें पुन्हां बंड केलें, तेव्हां तें लुटलें गेलें. गेलेलें वैभव परत आलें नाहीं.

तथापि ३२ सालीं अर्पण झालेलें बेल देवाचें भव्य मंदिर शतकानुशतकें उभें राहिलें. तें कांहीं काळ ख्रिस्ती उपासनामंदिर व नंतर मशीद झालें, म्हणूनच टिकलें. २०१५ सालीं आय्‌सिस या सशस्त्र संघटनेनें नगर घेऊन तें सुरुंगानें उडविलें. येथील प्राचीन वास्तूंची सुमारें चाळीस वर्षें देखरेख केलेले वृद्ध पंडित खालिद अल-असअद यांचा त्याच ऑगस्ट महिन्यांत शिरच्छेद करण्यांत आला. लपविलेल्या प्राचीन वस्तूंचा ठावठिकाणा त्यांनीं सांगितला नाहीं, असें म्हणतात. ऐंशी वर्षें उलटलेल्या या गृहस्थांस पळून जातां आलें असतें. ते आपलें गांव सोडून गेले नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्यांनीं विश्वासानें सोंपविलेला माल वाळवंटांतून सुखरूप नेणें हाच तदमोरचा खरा धंदा होता, व त्यासाठींच तें आपल्या तांडानायकांचा गौरव करी. त्या नायकांच्या रांगेंत या वृद्ध पंडिताचें स्थान आहे. आपल्याहि हातीं आईबापांनीं व गुरुजनांनीं कांहीं सोंपविलें आहे. तें आपण कोठवर सुखरूप नेऊं, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.