नळाची धार बारीक का होते?

मित्रहो, मागच्या वेळी आपण ‘कारण’ कशाला म्हणायचं याची चर्चा केली. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, “सर, याचा घरात काही उपयोग?” तर आज उदाहरण घरातलंच घेऊ. मे महिना, नागपूर-अकोल्याकडचं ऊन, पारा ४५ अंशांवर, आणि न्हाणीघरातल्या नळाला करंगळीएवढी धार. आपण लगेच काय म्हणतो? “प्रेशर नाही.”

आता बघा, “धार बारीक आहे” हे निरीक्षण झालं. “प्रेशर नाही” हे अनुमान आहे. आपण निरीक्षण केल्यासारखं अनुमान बोलून जातो, आणि त्याच्यावर पैसे खर्च करतो. आम्हीही केले, बरं का. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं आणि घरी पहिल्याच दिवशी पंप बसवला! धार तशीच राहिली, वर जुन्या लोखंडी पाइपाचा एक सांधा गळायला लागला. दोष निघाला टाकीजवळच्या व्हॉल्व्हमध्ये. चाक फिरत होतं, पण आतली पट्टी तुटून खालीच अडकली होती.

दाब येतो कुठून? गच्चीवरच्या टाकीचं पाणी उंचीमुळे दाब देतं. १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. पाण्याची पातळी शॉवरच्या ३ मीटर वर असेल, तर मिळतो ०.३. म्हणून वरच्या मजल्यावर शॉवर मंद आणि तळमजल्यावर जोरात. टाकीत पाणी असेल, तर नगरपालिकेच्या लाइनला जोर आहे की नाही, याचा त्या शॉवरशी काहीही संबंध नाही. तेव्हा पहिला प्रश्न: हा नळ टाकीवरचा की थेट लाइनवरचा?

दुसरी गोष्ट. दाब आणि प्रवाह एक नव्हेत. नळ बंद असताना चोंदलेल्या पाइपातही दाब पूर्ण असतो. नळ उघडला, पाणी धावू लागलं, की अडथळा आपलं अस्तित्व दाखवतो. पाइपाचा आतला व्यास निम्मा झाला तर पाणी निम्मं होत नाही, जवळपास सहाव्या हिश्श्यावर येतं.

मग शोध कसा घ्यायचा? आपल्या नैयायिकांनी सांगितलेल्या अन्वय-व्यतिरेकाने. जिथे कारण तिथे कार्य; कारण नाही तिथे कार्यही नाही. १० लिटरची बादली आणि घड्याळ घ्या. प्रत्येक नळाखाली बादली भरायला किती वेळ लागतो, ते लिहून काढा. मग तुलना करा.

एकाच नळाला धार बारीक असेल, तर दोष त्या नळापाशी. तोंडावरची जाळी काढा. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. कोरड्या उन्हाळ्यात थेंब वाळतो आणि क्षार मागे राहतो. जाळी आणि शॉवरचं तोंड रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. भिंतीलगतचा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे ना, तेही पाहा.

थंड पाणी ठीक, गरमच बारीक? मग गीझर किंवा त्याची नळी. जड पाणी तापलं की चुना खाली बसतो.

एकाच खाली येणाऱ्या पाइपावरचे सगळे नळ मंद? मग वर जा: टाकीजवळचा व्हॉल्व्ह, टाकीतला गाळ, शेवाळ. आणि टाकी रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर अचानक हे झालं असेल, तर पाइपात हवा अडकली असावी. सगळ्यात खालचा नळ पूर्ण उघडून ठेवा. तरी वारंवार होत असेल, तर पाइपाला टाकीच्या वर निघणारी हवेची नळी बसवून घ्या.

कधीपासून झालं, हेही विचारा. वर्षावर्षाने धार घटली असेल तर गंज आणि क्षार; तो लोखंडी पाइप बदलणंच बरं. नवा प्लास्टिकचा टाकाल, तर गच्चीवर त्याला पांढरा रंग द्या, नाहीतर उन्हाने तो ठिसूळ होतो.

सगळं स्वच्छ निघालं आणि वरच्या मजल्यावरच मंद, तर आता खरोखर दाब कमी आहे. टाकी १ मीटर उचलली की ०.१ वाढतो. नाहीतर टाकीनंतर छोटा प्रेशर पंप लावा.

पण एक पंप कधीच लावू नका: पालिकेच्या लाइनला थेट जोडलेला टिल्लू पंप. तो दाब निर्माण करत नाही, शेजाऱ्याचा ओढून घेतो. गल्लीच्या टोकाचं घर कोरडं पडतं. शेजारी मग तसाच पंप आणतो. आणि लाइन कुठे फुटकी असेल, तर ओढीने गटाराचं पाणीही आत येतं. ते आपल्याही हंड्यात. त्यापेक्षा जमिनीखाली टाकी बांधा. पाणी आपल्या जोराने तिच्यात येऊ द्या, आणि मोटर तिथून वर चढवू दे.

चुकीचं निदान नेहमी आपल्याच खिशाला भोवतं असं नाही. कधी कधी ते गल्लीच्या टोकाच्या घराला भोवतं. तेव्हा प्लंबरला बोलावण्याआधी एकदा बादली आणि घड्याळ घेऊन बसा. बरं, आता प्रश्न विचारा.