डोंगरांतील घरासाठीं दुभती शेळी

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. परंतु गाय घेतांना माणूस जितका विचार करितो, तितका शेळी घेतांना क्वचितच करितो. बाजारांत लोंबत्या कानांची, भरल्या कासेची उंच शेळी दिसली कीं मन तिच्याकडे धांवतें. परसांत दोन-तीन शेळ्या पाळूं इच्छिणाऱ्यानें मात्र "दूध किती?" याच्या आधीं "ही आमच्या पावसांत टिकेल काय?" असें विचारावें. पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत तर हाच प्रश्न निर्णायक ठरतो.

हा मुलूख डोंगराळ. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांची येथें वस्ती. भात, नागली व वरई हीं पिकें. पावसाळ्यांत येथें पाऊस अखंड कोसळतो. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं, आणि सारा महाराष्ट्र हादरला. अशा ठिकाणीं घरच्या पेलाभर दुधाचें मोल शहरी हिशेबानें करतां येत नाहीं.

दुधासाठीं नांवाजलेली जमनापारी ही उत्तर प्रदेशांतील इटावा भागाची. ती दिवसाला दीड-दोन लिटर दूध देते. परंतु आपला मुलूख सुटला कीं तो गुण टिकविणें तिला जड जातें. गुजरातची पांढरी सुरतीही दुधाला उत्तम. ती बांधून पोसण्यास योग्य; लांब चालणें मात्र तिला मानवत नाहीं, मग डोंगर चढून चरणें दूरच. धाराशिव-लातूरकडची काळी उस्मानाबादी काटक असते, पुष्कळदां जुळीं देते; पण ती कोरड्या हवेंत वाढलेली. स्वित्झर्लंडची सानेन दुधांत या सर्वांना मागें टाकते, परंतु तिला कडक ऊन व दमट हवा सोसत नाहीं.

उरते कोकण कन्याळ. ही सिंधुदुर्गाची, म्हणजे धुंवाधार पावसाचीच लेक. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठानें तिचा अभ्यास केला आहे. काळा रंग, नाकपुडीपासून कानापर्यंत पांढरे पट्टे आणि चढणीस सोयीचे लांब सरळ पाय, ही तिची ओळख. दूध दिवसाला सुमारें अर्धा लिटर. आंकडा लहान खरा. पण दोन लिटरांची शेळी आषाढांत खुरें कुजून वा फुप्फुसाच्या दाहानें दगावली, तर त्या घरीं एक थेंबही उरत नाहीं. ज्याला नवी शेळी घेणें परवडत नाहीं, त्यानें आपल्या गांवठी शेळ्यांतील अधिक दूध देणारी निवडून तिला कन्याळ बोकड दाखवावा.

जात निवडली म्हणजे काम संपलें असें नव्हे. गोठ्यांत जमिनीपासून उंच, फटींचें मचाण हवें, म्हणजे मूत्र व लेंड्या खालीं पडून खुरें कोरडीं राहतात. पावसापूर्वीं जंताचें औषध व आंत्रविषाराची लस द्यावी. उंबर, शेवरी, सुबाभूळ यांचा पाला व नागलीचें काड हाताशीं ठेवावें.

शेळी पांच महिन्यांनीं विते. मे अखेर फळली, तर ऑक्टोबर अखेर व्याली; म्हणजे करडें पावसांतून वांचतात. दिवाळीनंतर येथील अनेक कुटुंबें वीटभट्ट्यांवर मजुरीस जातात. मागें राहिलेल्या आजी-आजोबांच्या व नातवंडांच्या हातीं नेमके तेच दुधाचे दिवस येतात.

दूध नेहमीं उकळूनच प्यावें. वर्षाच्या आंतील बाळास मात्र आईच्या दुधाऐवजीं तें देऊं नये. त्यांत फॉलिक ॲसिड हें जीवनसत्त्व फार थोडें असतें. त्याहून मोठ्या मुलाला मिळणारें रोजचें पेलाभर दूध हीच शेळीची खरी परीक्षा. जी शेळी श्रावण ओलांडून दिवाळीला दारांत उभी असते, तीच घराची दुभती शेळी.