पट्टी बारा व्होल्टची, गाडी साडेचौदाची

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एलईडीची पट्टी मीटरवर कापून मिळते. ती घ्यायची, दोन वायरी आणि एक स्विच जोडायचा आणि डॅशबोर्डखाली चिकटवायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी बसलं तर संध्याकाळपर्यंत गाडीत पाय ठेवायच्या जागी छान उजेड पडतो. काम खरोखरच सोपं आहे आणि ज्याला स्क्रू-ड्रायव्हर आणि मल्टिमीटर धरता येतो त्याने ते घरी करायला काहीच हरकत नाही. हरकत आहे ती सोबत फुकट मिळणाऱ्या सल्ल्यांना. त्यातली भीतीसुद्धा भलत्याच गोष्टीची असते. लोक एलईडीला घाबरतात आणि वायरीकडे बघतही नाहीत. प्रत्यक्षात एलईडी बिघडली तर फार तर विझते. गाडी पेटवण्याची ताकद वायरीत असते.

“बॅटरी १२ व्होल्टची, पट्टी १२ व्होल्टची, जोडली की झालं”

गाडीत नेमके १२ व्होल्ट जवळजवळ कधीच नसतात. बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण चार्ज झालेला सेल साधारण २.१ व्होल्ट देतो, म्हणजे इंजिन बंद असताना १२.६. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर बॅटरी चार्ज करू लागतो आणि तोच आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जातो. चालत्या गाडीत बॅटरीचं टर्मिनल सैल होऊन क्षणभर सुटलं, तर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टचा झटकाही बसू शकतो.

आता पट्टी हातात घेऊन नीट बघा. दर तीन एलईडींनंतर कात्रीची खूण आणि तांब्याचे दोन ठिपके दिसतील. पांढऱ्या एलईडीला पेटायला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात. तिघी एकामागे एक, म्हणजे ९.६. उरलेले २.४ व्होल्ट शेजारचा चिमुकला काळा रेझिस्टर पचवतो. तो १२० ओहमचा धरला तर प्रवाह येतो २० मिलिअँपिअर. हा झाला टेबलावरच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरचा हिशेब. हीच पट्टी चालत्या गाडीत १४.४ व्होल्टवर गेली की एलईडींचे ९.६ साधारण तेवढेच राहतात, पण रेझिस्टरच्या वाट्याला २.४ ऐवजी ४.८ व्होल्ट येतात. प्रवाह हिशेबाने दुप्पट, ४० मिलिअँपिअर. प्रत्यक्षात थोडा कमी, कारण प्रवाह वाढला की एलईडीवरचे व्होल्टही जरासे वाढतात. रेझिस्टरमधली उष्णता मात्र चौपटीच्या घरात जाते. व्होल्टेज वाढलं २० टक्के आणि भार पडला दुप्पट-चौपट. “लावल्यावर झकास दिसत होती, सहा महिन्यांत अर्धी पिवळी पडली” या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. दोष चिनी मालावर ढकलला जातो.

यावर एक लोकप्रिय उतारा आहे : ७८१२ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर मध्ये बसवायचा. कागदावर बरोबर. पण १२ व्होल्ट बाहेर द्यायला त्याला आत सुमारे १४ व्होल्ट लागतात. इंजिन बंद असताना त्याला १२.६ च मिळतात, मग तो साडेदहाच्या आसपास देतो आणि चावी फिरवली की उजेड भसकन वाढतो. त्यापेक्षा एलएम२५९६ चिपचं बक मॉड्यूल घ्या. त्यावरचा पितळी स्क्रू फिरवून मल्टिमीटरवर ११ व्होल्ट येतील असं लावा. इंजिन चालू असो वा बंद, उजेड एकसारखा. हिशेब केला तर पट्टीतून जेमतेम १२ मिलिअँपिअर जातात, म्हणजे ती मंद पेटते. गाडीच्या आत मंदच हवी. का ते पुढे येईलच.

सुट्या एलईडी जोडणाऱ्यांसाठी आणखी सोपा मार्ग आहे. तीनऐवजी दोनच एलईडी मालिकेत घ्या आणि ४७० ओहमचा रेझिस्टर लावा. १२.६ व्होल्टला १३ मिलिअँपिअर, १४.४ ला १७. चढ-उतार डोळ्यांना जाणवतही नाही.

“एवढ्याशा एलईडीला फ्यूज कशाला?”

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. फ्यूज एलईडीसाठी नसतो, वायरीसाठी असतो. बॅटरी स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर देते. तेवढेच ती तुमच्या केसासारख्या वायरीलाही द्यायला तयार असते. त्या वायरीचं प्लास्टिक एखाद्या पत्र्याच्या कडेवर घासून फाटलं आणि तांबं बॉडीला लागलं, की मध्ये थांबवणारं कोणी नसतं.

“मी फ्यूज बॉक्समधूनच घेतलंय, तिथे फ्यूज आहे ना” असंही ऐकायला मिळतं. आहे, पण किती अँपिअरचा? सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बऱ्याच गाड्यांत निळा, म्हणजे १५ अँपिअरचा असतो. तो मूळच्या जाड वायरीचं रक्षण करतो. पट्टीसोबत आलेली बारीक वायर अर्धवट शॉर्ट होऊन १२-१३ अँपिअर ओढू लागली तर त्या फ्यूजला काहीच वावगं वाटत नाही. फ्यूज त्याच्या आकड्याला पोचताक्षणी उडतो असंही नाही. आकड्याच्या १० टक्के वर तो तासन्‌तास तग धरतो. तोवर कार्पेटखाली वायरीचं आवरण वितळायला लागलेलं असतं.

म्हणून पट्टीसाठी वेगळा, छोटा फ्यूज घालायचा आणि तोही जिथून वीज घेतली त्या टोकाला, पट्टीपाशी नव्हे. पट्टीपाशी बसवलेला फ्यूज आधीच्या दोन मीटर वायरीचं काहीही राखत नाही. फ्यूज बॉक्समध्ये खोचायचा ‘ॲड-अ-फ्यूज’ जोड मिळतो. मूळ फ्यूज त्याच्या एका खाचेत, आपला दुसऱ्या खाचेत. मूळ वायर कुठेही सोलावी लागत नाही. नव्या गाडीची वायर कापून जोड दिला, तर पुढे इलेक्ट्रिकल बिघाडाच्या वेळी वॉरंटीवरून वाद होतो आणि त्या वादात आपली बाजू लंगडी असते.

“एलईडी वीज खातच नाही, रात्रभर राहिली तरी चालेल”

एक एलईडी खात नाही. पण आपण एक लावत नाही. बाजारात सर्रास मिळणारी ५०५० जातीची पट्टी मीटरला ६० एलईडींची असते आणि मीटरला १४.४ वॉट घेते. दोन मीटर लावली तर झाले २८.८ वॉट, म्हणजे छतातल्या जुन्या १० वॉटच्या तारेच्या बल्बच्या जवळजवळ तिप्पट. १२ व्होल्टला हा प्रवाह २.४ अँपिअर. रात्री दहा तास चालू राहिली तर २४ अँपिअर-तास गेले. लहान हॅचबॅकची बॅटरी अनेकदा ३५ अँपिअर-तासांचीच असते. सकाळी गाडी धक्का मारूनच सुरू करावी लागणार. ३५२८ जातीची पट्टी याच्या एक-तृतीयांश वीज घेते आणि पायाशी उजेडाला ती पुरून उरते.

मोबाइलवरून रंग बदलणाऱ्या पट्टीत आणखी एक छुपं गिऱ्हाईक असतं, ते म्हणजे तिचा कंट्रोलर. पट्टी विझली तरी तो ब्लूटूथवर कान लावून बसतो. त्याने ५० मिलिअँपिअर घेतले असं धरा. आठवडाभर उभ्या गाडीतून ८.४ अँपिअर-तास निघून जातात. नोकरीनिमित्त महिना-महिना गाडी सोसायटीत उभी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. उपाय सोपा : वीज चावीवर चालणाऱ्या, म्हणजे ‘एसीसी’च्या लाइनवरून घ्या. चावी काढली की कंट्रोलरही झोपतो.

“मायनस काय, कुठल्याही बॉडीला द्या”

दार उघडल्यावर पेटणारी पट्टी हवी असेल तर हा सल्ला फसवतो. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत छताच्या दिव्याला प्लस कायम मिळत असतो आणि दाराचा स्विच मायनसची बाजू जोडतो-तोडतो. तिथून प्लस घेऊन मायनस बॉडीला दिला की पट्टी अहोरात्र पेटलेली. मायनसही त्या स्विचच्या वायरीवरूनच घ्यायचा.

नव्या गाड्यांत मध्ये बॉडी कंट्रोल मॉड्यूल असतं. ते दिवा हळूहळू विझवतं, त्यातून थोडा प्रवाह पाझरूही देतं. तारेच्या बल्बला तो जाणवत नाही. एलईडी मात्र तेवढ्यावर मिणमिणत राहते. गाडीत भूत नाही. आणि मॉड्यूलच्या लाइनवर दोन मीटर पट्टी लादायचीही नाही. तिथे रिले लावावा.

“एलईडी गार असते, डबल टेपने चिकटवली की पुरे”

एलईडीच्या उजेडात उष्णता जवळपास नसते, हे खरं. पण तिने घेतलेल्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग पाठीमागून उष्णता म्हणूनच बाहेर पडतो. त्यात अकोला-चंद्रपूरचा मे महिना आणि उन्हात उभी गाडी : डॅशबोर्डला हात लावता येत नाही. बॉक्सवरचा ‘५०,००० तास’ हा आकडा अशा भट्टीतला नसतो. शिवाय त्याचा अर्थ बहुधा उजेड ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा काळ एवढाच असतो.

या उन्हात टेपचा गोंद सुटतो, आणि पट्टी सुटते ती नेमकी पेडलांवर. ब्रेकखाली लोंबणारी वायर हा या सगळ्या उद्योगातला खराखुरा धोका आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. चालकाच्या बाजूची पट्टी टेपवर सोडू नका. प्लास्टिकच्या टायने एखाद्या पक्क्या ब्रॅकेटला बांधा. सांध्यावरची काळी टेपही उन्हात चिकट लगदा होते, तिथे गरम केल्यावर आकसणारी स्लीव्ह घाला. सोल्डर केलेला सांधा सर्वांत पक्का, हीदेखील अर्धीच गोष्ट. सोल्डर वायरीच्या तारांत चढून ती ताठ करतं आणि गाडीच्या कंपनांनी वायर सोल्डर संपतं तिथे तुटते. गाड्यांचे कारखाने उगाच क्रिंप वापरत नाहीत. सोल्डर करायचंच असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून टाका.

वायर नेताना पिवळा कनेक्टर किंवा पिवळं आवरण दिसलं की हात मागे. ती एअरबॅगची लाइन. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांत पडदा-एअरबॅग असेल तर तिथून वायर न्यायचीच नाही, आणि सीटमध्ये एअरबॅग असेल तर सीटखालचे कनेक्टर सोडायचे नाहीत. एअरबॅग उघडते तेव्हा तिच्या वाटेत जे येईल ते माणसाच्या अंगावर फेकलं जातं.

“निळा रंग डोळ्यांना शांत”

खोलीत असेल. रात्री महामार्गावर नाही. अंधाराला डोळे पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यांतल्या दंडपेशी निळ्या-हिरव्या उजेडाला फार संवेदनशील असतात आणि गडद लाल उजेडाला जवळजवळ नसतात. विमानांच्या कॉकपिटमध्ये एके काळी लाल दिवे असायचे ते याच कारणाने. निळा उजेड ही कमावलेली नजर चटकन घालवतो, शिवाय डोळ्याच्या भिंगात जास्त विखुरतो. पन्नाशीपुढच्या चालकाला ते अधिक जाचतं. पांढरी एलईडी घेतली तरी सुटका नाही, कारण ती म्हणजे पिवळ्या फॉस्फरचा लेप दिलेली निळी एलईडीच. (ज्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तीच.)

रंगाहूनही महत्त्वाची जागा. एलईडीचा ठिपका थेट डोळ्यांना दिसता कामा नये, आणि पुढच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडता कामा नये. रात्री सीटवर बसून काच बघा. त्यात निळी रेघ दिसली तर त्या रेघेमागून येणारा सायकलवाला तुम्हाला उशिरा दिसणार. पायाशी, आडोशाला, तांबूस किंवा अंबर आणि मंद. माझं मत विचाराल तर छतावरचे तारे आणि गाण्यावर नाचणारे रंग गाडी उभी असतानाच लावावेत.

“आत दिवे लावले की पोलीस पकडतात” आणि “आपल्या गाडीत आपण काहीही करू”

दोन्ही चूक. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०८ पुढे लाल आणि मागे लालखेरीज इतर रंगाचा दिवा दाखवायला मनाई करतो, पण वाहनाच्या अंतर्गत दिव्यांना त्याच नियमात सूट आहे. पायाशी मंद उजेड हा गुन्हा नाही. बंपरच्या जाळीत किंवा गाडीच्या पोटाखाली लावलेली पट्टी मात्र ‘अंतर्गत’ म्हणता येत नाही, आणि मागच्या काचेला लावून बाहेर लखलखणारे लाल-निळे दिवे तर थांबवून घेण्याचंच आमंत्रण. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये वाहनातल्या बदलांवर बंधनं आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

कामाला लागण्याआधी बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडा आणि ते शेवटी जोडा. आणि पट्टी घ्यायला जाल तेव्हा त्याच फेरीत २ अँपिअरचा राखाडी फ्यूज आणि त्याचा होल्डरही घ्या. दुकानदार “त्याची गरज नाही” म्हणाला तरी घ्या.