साडेनऊ टक्के आणि गाफील जीभ

भाचा ल्युवेनला शिकतो. मे महिन्यात देवबागला आला तेव्हा बॅगेत कपड्यांत गुंडाळलेली जाड काचेची बाटली होती. बुचावर तारेची जाळी, आणि नाव लांबलचक फ्रेंच. अर्थ एवढाच की ‘दुपाँ ब्रुअरीच्या शुभेच्छांसह’. कोपऱ्यात आकडा होता ९.५ टक्के.

आमच्याकडे जेवायला उतरणारे पर्यटक ज्या स्ट्राँग बिअर पितात, त्या आठ टक्क्यांपर्यंतच्या. त्यांचा कडकपणा पहिल्याच घोटाला घशाशी कळतो, वर ओठांवर थोडा गुळचटपणा राहतो. ही बाटली त्याहून कडक, म्हणून मी घोट बेताचाच घेतला.

रंग गढूळ सोनेरी. फेस पांढरा, दाट, पेल्याच्या कडेला धरून बसणारा. नाकाला आधी लवंग, मग मिरी, मग संत्र्याची साल, आणि अगदी मागे वाळल्या पेंढ्याचा वास. तोंडात गेल्यावर बारीक बुडबुडे जिभेला टोचतात, मध्ये क्षणभर धान्याची चव येते आणि लगेच कडवट होऊन सगळं कोरडं पडतं. गोडी शोधून सापडत नाही. सासूबाई पीत नाहीत, पण वास घेऊन म्हणाल्या, “ह्येच्यात लवंगा घातल्यानी काय रे?”

लवंग कुणी घातलेली नाही, ती यीस्टची करणी. बार्लीच्या दाण्यात फेरुलिक आम्ल असतं. या बिअरचं यीस्ट त्यातून लवंगेच्या वासाचा पदार्थ तयार करतं. दुपाँमध्ये ते बरंच गरम ठेवून आंबवतात, तिशीच्या अंशांपर्यंत. एरवी लागर बिअर दहा-बारा अंशांवर सावकाश आंबते आणि वासाने गरीब राहते. बाटलीत भरल्यावरही हे यीस्ट जिवंत असतं. तळाला गाळ दिसतो तो त्याचाच. साखर जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, म्हणून बिअर कोरडी लागते. आपली जीभ मात्र जडपणा गोडीवरून मोजते. गोडी नाही म्हणजे हलकं, असं ती ठरवते आणि फसते. अर्ध्या पेल्यानंतर माझे कान गरम झाले, तेव्हा आकडा आठवला.

ही फसगत मालवणच्या किनाऱ्यावर नवी नाही. माडीचं गणित तेच. न उमललेली पोय करकचून बांधायची, काही दिवस हलके ठोकत राहायचं, मग टोकाची चकती कापून खाली मडकं अडकवायचं. भंडारी दिवसातून दोनदा माडावर चढून नवी चकती काढतो. थेंब पडतो तो निव्वळ गोड रस. मडक्याला आतून चुना लावला तर तो गोडच राहतो आणि नीरा म्हणून विकतात. चुना नसेल तर हवेतलं, मडक्यातलं यीस्ट आणि जिवाणू लगेच कामाला लागतात. सकाळची माडी गोड, फसफसणारी, नशेला नावापुरती. दुपारी गोडी उतरते, आंबटपणा चढतो आणि मद्यही वाढत जाऊन चार-सहा टक्क्यांवर पोचतं. दुसऱ्या दिवशी ती शिरक्याच्या वाटेला लागते. नवख्याला गोड ती कडक वाटते. आमच्या माडांवर चढणारे काका पाहुण्याला आधी सकाळची देतात आणि दुपारची मागितलीच तर अर्ध्यावर थांबवतात.

दुपाँचं घर बेल्जियमच्या एनो प्रांतातलं, तूर्प गावातलं. जुनं शेत आणि त्याच आवारात ब्रुअरी. मुळं १७५९ पर्यंत जातात, दुपाँ घराण्याकडे ती १९२० मध्ये आली. तिथल्या शेतांवर हिवाळ्यात बिअर गाळून ठेवायची आणि उन्हाळ्यात कापणीच्या मजुरांना द्यायची, अशी रीत सांगतात. ‘सेझाँ’ म्हणतात ती हीच. रोजची सेझाँ दुपाँ साडेसहा टक्क्यांची आहे. माझ्यासमोरची कडक बिअर १९७० मध्ये नव्या वर्षाला गिऱ्हाइकांना भेट म्हणून काढली आणि लोकांनी सोडली नाही.

बेल्जियन बिअर एवढ्या कडक होण्यात कायद्याचाही हात आहे. १९१९ मध्ये तिथे गुत्त्यांत कडक दारू विकायला बंदी आली, म्हणून गिऱ्हाइकाला बिअरमध्येच जोर हवासा झाला. ती बंदी १९८३ पर्यंत टिकली. आपल्याकडे १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने उलटं केलं. माडी काढण्यावर कर वाढला, परवाने आले आणि कित्येक भंडाऱ्यांना माड सोडावे लागले. तिकडे शेतावरचं पेय बुचबंद होऊन जगभर गेलं. आमचं माडाखालून फारसं हललंच नाही. अर्थात माडीला बाटली मानवतही नाही. थांबेल ती माडी कसली!

सोबत काय खायचं? बेल्जियनांना शिनाणे फार प्रिय. कांदा-सेलरीत वाफवून टोपभर खातात. मी आमच्या खाडीतले घेतले, आगळ-तिखट लावून रव्यात तळले. बिअरने तेल झटकन धुऊन नेलं. तिरफळ घातलेल्या बांगड्याशी तर तिची मिरी भलतीच जुळली. सोलकढीने मात्र घोळ केला. कोकमाच्या आंबटापुढे बिअर नुसती कडू उरली, म्हणून सोलकढी नंतर भातावर घ्यावी. आणखी एक, बर्फगार करू नका. फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं ओट्यावर ठेवली की लवंग वर येते.

तळचा गाळ भाचा ओतून टाकत होता. मी तो आंबोळीच्या पिठात घातला. गोव्याचे पोदेर पूर्वी पाव माडीवरच फुगवत, मग हे यीस्ट काय वाईट? सकाळी आंबोळ्या जाळीदार झाल्या खऱ्या, पण मे महिन्यात देवबागला पीठ एरवीही रात्रीतून भांड्याबाहेर येतं. भाचा श्रेय बेल्जियमला देतोय, सासूबाई उडदाच्या डाळीला.