लावणीपूर्वीचा वाफा : व्यवस्थापन शिक्षणाची सत्रपूर्व तयारी

तंजावर मराठी वाचकांस परिचित आहे ते व्यंकोजीराजे भोसले यांनी सतराव्या शतकात तेथे स्थापिलेल्या राज्यामुळे आणि दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांनी समृद्ध केलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. कावेरीच्या खोऱ्यातील हा जिल्हा भाताचे कोठारही आहे. मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनला सोडण्याचा तेथे प्रघात आहे. साठा अपुरा असल्यास तारीख पुढे जाते. लावणीच्या वेळी रोप हाताशी हवे, म्हणून ते आधी लहानशा वाफ्यात वाढवले जाते.

साधारण याच दिवसांत देशभर व्यवस्थापन शिक्षणाची सत्रे सुरू होतात. तंजावरच्या शास्त्र अभिमत विद्यापीठातही हा विषय शिकविला जातो. अशा वर्गात अभियंता, वाणिज्य पदवीधर आणि साहित्याचा अभ्यासक शेजारी बसतात. सर्वांची पूर्वतयारी सारखी नसते. अभ्यासक्रमाचा वेग मात्र एकच असतो. ही दरी कमी करण्यासाठी काही संस्था सत्रारंभापूर्वी अल्पमुदतीची सघन चर्चासत्रे घेतात. अमेरिकेतील व्हार्टन येथे ही पद्धत रुळलेली आहे. काही भारतीय व्यवस्थापन संस्थाही गणित व लेखाशास्त्राची अशी तयारी करून घेतात.

या चर्चासत्रांतून नेमके काय साधते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, तंजावरच्या एका भातगिरणीने भातखरेदी व इतर खर्चापोटी ११ लाख रुपये रोख दिले आणि तयार तांदूळ १२ लाखांना दोन महिन्यांच्या उधारीवर विकला. हिशेबाच्या वहीत एक लाखाचा नफा दिसतो. परंतु दोन महिने गिरणीच्या तिजोरीत एक रुपयाही परत येत नाही. दरम्यान मजुरी आणि पुढची खरेदी कशातून भागवावयाची? खेळत्या भांडवलाची गरज येथे निर्माण होते. नफा आणि रोकड यांतील हा फरक ज्याला आधीच उमगला, तो विद्यार्थी वर्गात प्रत्यक्ष प्रश्नावर विचार करतो. इतरांचा वेळ शब्दांचे अर्थ लावण्यातच जातो.

लेखाशास्त्राबरोबर प्राथमिक संख्याशास्त्र, संगणकावरील आकडेमोड आणि उद्योगातील प्रत्यक्ष प्रसंग अभ्यासण्याची पद्धत यांचाही समावेश अशा सत्रांत असतो. अर्थात काही दिवसांत कोणी निष्णात होत नाही. पाठांतरावर भर दिल्यास उलट धास्ती वाढते. म्हणून थोडे विषय, भरपूर सराव आणि शंका विचारण्याची मोकळीक असलेले चर्चासत्र अधिक उपयुक्त ठरते.

पालकांसाठी यात आर्थिक बाजूही आहे. शैक्षणिक कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रमानंतर सुरू होत असली, तरी व्याजाची आकारणी त्याआधीच सुरू झालेली असते. एखादा विषय राहून शिक्षण लांबले, तर तो भार वाढतो. म्हणून प्रवेश घेतानाच काही गोष्टी विचारून घ्याव्यात: चर्चासत्र सक्तीचे आहे काय, त्याचे शुल्क मूळ शुल्कपत्रकात धरले आहे की वेगळे, आणि निवासाचा खर्च किती. हे शुल्क कर्जात बसते किंवा नाही, याची खात्री शाखेत अर्ज देतानाच करावी.

चर्चासत्र नसले, तरी प्रवेश निश्चित झाल्यावर हाती काही आठवडे उरतात. घरच्या दुकानाचा वा शेतीचा एका हंगामाचा जमाखर्च स्वतः मांडून पाहिला, तरी पहिल्या सत्राची चांगली पूर्वतयारी होते. वाफ्यात जोमदार झालेले रोपच शेतात लवकर मूळ धरते.