जॅकी रॉबिन्सन, जॅकी रॉबिन्सनच्या भूमिकेत

न्यूयॉर्क : दरवर्षी १५ एप्रिलला इथल्या मेजर लीग बेसबॉलमधला प्रत्येक खेळाडू ४२ क्रमांकाची जर्सी घालून मैदानात उतरतो. एरवी हा क्रमांक कुणालाच मिळत नाही. १९९७ साली तो सर्व संघांतून कायमचा निवृत्त झाला. १९४७ मध्ये याच तारखेला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून पहिला सामना खेळला आणि कृष्णवर्णीयांना मेजर लीगचे दरवाजे बंद ठेवणारी, कितीएक दशकांची अलिखित बंदी मोडली.

बेसबॉलपटूंवरच्या चित्रपटांत काय खरं, काय खोटं यावर अमेरिकन माणूस हिरिरीने वाद घालतो. त्यातला सर्वांत जुना वाद हाताचा. लू गेहरिग डावखुरा होता; १९४२ च्या ‘द प्राइड ऑफ द यँकीज’मध्ये त्याची भूमिका करणारा गॅरी कूपर उजव्या हाताचा. कूपरला उलटी अक्षरं शिवलेला शर्ट घालून, पहिल्याऐवजी तिसऱ्या बेसकडे पळवून मग फिल्म उलटी केली, ही कथा इथे वर्षानुवर्षं सांगितली गेली. अखेर कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयातल्या एका अभ्यासकाने चित्रपट बारकाईने तपासला. निदान फलंदाजी तरी कूपरने खरोखरच डाव्या हाताने केली होती, असा निष्कर्ष त्याने २०१३ साली मांडला. ४ जुलै १९३९ च्या गेहरिगच्या निरोपाच्या भाषणाबद्दल मात्र एवढी चौकशी होत नाही. स्वतःला सर्वांत भाग्यवान म्हणवणारं वाक्य त्याने सुरुवातीलाच उच्चारलं होतं. चित्रपटाने ते उचलून शेवटी ठेवलं. लोकांच्या आठवणीत आज चित्रपटातलंच भाषण आहे.

रॉबिन्सनच्या बाबतीत पात्रनिवडीचा प्रश्न वरवर पाहता सुटलेलाच होता. १९५० च्या ‘द जॅकी रॉबिन्सन स्टोरी’त तो स्वतःच नायक आहे, रूबी डी त्याच्या पत्नीच्या भूमिकेत. संवाद म्हणताना तो अवघडतो. पण बेस सोडून दोन पावलं पुढे सरकत, गोलंदाजाला खिजवत तो चेंडूची वाट पाहतो, तेव्हा त्या पायांची नक्कल कुणाही नटाला जमणार नाही हे कळतं. माणूस खरा, धावणं खरं. गोष्ट मात्र अर्धीच. १९४४ च्या जुलैत टेक्सासमधल्या कॅम्प हूडला लेफ्टनंट रॉबिन्सनने लष्करी बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिला, त्यावरून त्याचं कोर्ट मार्शल झालं आणि तो निर्दोष सुटला. हे चित्रपटात नाही. शेवट होतो तो वॉशिंग्टनमध्ये, संसदीय समितीपुढच्या त्याच्या साक्षीवर. ती साक्ष १९४९ ची. गायक पॉल रोबसनच्या विधानांचा प्रतिवाद करण्यासाठी त्याला तिथे बोलावलं होतं. साक्षीत वंशभेदाविरुद्धही तो खणखणीत बोलला होता. पडद्यावर उरते ती देशभक्ती. कम्युनिस्टांच्या धास्तीने पछाडलेल्या त्या काळाला असाच रॉबिन्सन हवा होता.

२०१३ च्या ‘४२’मध्ये चॅडविक बोसमन रॉबिन्सन झाला. फिलाडेल्फियाचा व्यवस्थापक बेन चॅपमन मैदानाच्या कडेला उभा राहून रॉबिन्सनला वंशावरून शिव्या घालतो, तो प्रसंग इतका लांबतो की बघवत नाही. मग रॉबिन्सन आतल्या बोगद्यात जाऊन भिंतीवर बॅट आपटून तिचे तुकडे करतो. हे बॅट फोडणं प्रत्यक्षात घडलेलं नाही. तरी १९५० च्या चित्रपटातल्या त्या खऱ्या साक्षीपेक्षा या कल्पित प्रसंगातून रॉबिन्सन मला अधिक कळला. हा माणूस किती गिळत होता, ते तिथे दिसतं.

कोर्ट मार्शलवर १९९० साली दूरचित्रवाणीसाठी स्वतंत्र चित्रपट झाला. ‘४२’ची कथा मात्र १९४७ च्या मोसमापाशीच थांबते. पुढे १९७२ साली, मृत्यूच्या वर्षी, रॉबिन्सनने आत्मचरित्रात लिहिलं की राष्ट्रगीताला उभं राहून ते गाणं आता आपल्याला शक्य नाही. रोबसनविरुद्ध बोलायचं तसलं आमंत्रण आज आलं तर नाकारू, असंही. त्या रॉबिन्सनवर कुणीतरी मोठा चित्रपट काढायला हवा.